तळटीप १४ : ‘कॉव्हेंट गार्डनमधलं ते गाणं’

१४. ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेतलं ‘वुडन्ट इट बी लव्हर्ली’ हे गाणं. शब्द अ‍ॅलन जे लर्नर, संगीत फ्रेडरिक लोव. न्यूयॉर्कमधला पहिला प्रयोग १५ मार्च १९५६ रोजी. नायिका एलायझा डूलिटल झाली होती ज्यूली अँड्र्यूज. कॉव्हेंट गार्डन म्हणजे लंडनमधली भाजी, फळं, फुलं यांची १९७४पर्यंतची घाऊक बाजारपेठ. ऑपेरागृह तिला लागूनच. तिथे रात्रीच्या थंडीत फुलं विकणारी एलायझा प्रा. हिगिन्सने टाकलेली नाणी हाती आल्यावर हे गाणं म्हणते. तिची मागणी पाहण्यासारखी आहे : वारा न लागणारी खोली, मोठी खुर्ची, शेकोटी, खायला चॉकलेट आणि मायेचं माणूस. राजवाडा नाही, दागिने नाहीत. १९६४च्या चित्रपटात हे गाणं ऑड्री हेपबर्नच्या तोंडी आहे, पण आवाज मार्नी निक्सनचा.

संगीतिकेचा आधार बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ (१९१३). त्याला चाली लावू द्यायला शॉने हयातभर नकार दिला. त्याच्या आधीच्या एका नाटकावरून केलेल्या ‘द चॉकलेट सोल्जर’ या संगीतिकेचा अनुभव त्याला पुरला होता. ‘पिग्मॅलियन’वरूनच पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ (१९७५) लिहिलं. त्यातलं नायिका मंजुळेचं (भूमिका : भक्ती बर्वे) गाजलेलं स्वगत मात्र या गाण्याशी जोडू नये. ते सुडाचं आहे. संगीतिकेत त्याच्या जवळचं गाणं ‘जस्ट यू वेट’. लेखकाचा रोख इथे पहिल्या गाण्याकडे आहे.