छोट्या संगणकासाठी मदरबोर्ड निवडताना

घरातील छायाचित्रे व कागदपत्रे एका ठिकाणी साठवणे, दुकानाचा हिशेब ठेवणे, ग्रंथालयात सूचीचा संगणक चालवणे अशा कामांना मोठ्या पेटीचा, गुरगुरणाऱ्या पंख्यांचा संगणक लागत नाही. त्यासाठी लहान, कमी वीज घेणारा संगणक स्वतः जुळवता येतो. अशा संगणकाचा पाया म्हणजे मदरबोर्ड. तो निवडताना झालेली चूक पुढे सहसा दुरुस्त करता येत नाही.

आकार

लहान मदरबोर्डांत ‘मिनी-आयटीएक्स’ हा आकार सर्वाधिक रूढ आहे. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये तो पुढे आणला. त्याची लांबी-रुंदी प्रत्येकी १७ सेंटिमीटर असते. त्याच्या स्क्रूंची छिद्रे मोठ्या एटीएक्स मांडणीशी जुळतात, त्यामुळे घरात पडून असलेल्या जुन्या कॅबिनेटमध्येही तो बसतो. याहून लहान ‘पिको-आयटीएक्स’ बोर्ड अवघा १० बाय ७.२ सेंटिमीटरचा असतो. मात्र तो मुख्यतः औद्योगिक यंत्रांसाठी असून त्याला साजेशी कॅबिनेट व सुटे भाग सहज मिळत नाहीत. विशेष कारण नसेल तर मिनी-आयटीएक्सच घ्यावा.

विजेचा खरा हिशेब

जाहिरातीत प्रोसेसरचे ‘वॉट’ ठळकपणे छापलेले असतात. वीज मात्र संपूर्ण बोर्ड खातो. याचे बोलके उदाहरण २००८ मधील. इंटेलच्या त्या वर्षीच्या एका लहान बोर्डावरील ॲटम २३० प्रोसेसर केवळ ४ वॉटचा होता, पण त्याच्या जोडीचा चिपसेट सुमारे २२ वॉटचा. परिणामी पंखा प्रोसेसरवर नव्हे, तर चिपसेटवर बसवावा लागला. आज चिपसेटचे बहुतेक काम प्रोसेसरच्याच चिपमध्ये सामावले आहे. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर ६ वॉटच्या मर्यादेसाठी आखलेला आहे. तरीही हा आकडा म्हणजे भिंतीवरील प्लगमधून जाणारी वीज नव्हे. मेमरी, डिस्क, नेटवर्क चिप आणि वीजपुरवठ्यातील गळती त्यात मिळवावी लागते.

दिवसरात्र चालणाऱ्या यंत्रात हा फरक मोठा ठरतो. सरासरी ५० वॉट घेणारा संगणक वर्षाला ४३८ युनिट वीज वापरतो. १० वॉट घेणारा सुमारे ८८ युनिट. रोज तासभरच संगणक लावणाऱ्याला मात्र या बचतीपोटी जास्त किंमत मोजण्यात अर्थ नाही.

जोडण्या आणि मर्यादा

कमी विजेच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसर कायमचा झाळलेला असतो. तो बिघडला किंवा अपुरा पडला तर अख्खा बोर्ड बदलावा लागतो. म्हणून आजची नव्हे, चार-पाच वर्षांनंतरची गरज डोळ्यांसमोर ठेवावी. एन१०० मध्ये मेमरीची एकच वाहिनी असते आणि अधिकृत मर्यादा १६ जीबी आहे. मेमरी लॅपटॉपची लागते की डेस्कटॉपची, हे खरेदीपूर्वी माहितीपत्रकात पाहावे. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात.

साठवणीसाठी संगणक हवा असेल तर साटा जोडण्या मोजाव्यात. डिस्क किमान दोन ठेवाव्यात. तरीही बोर्डावरील दुसरी डिस्क ही खरी बॅकअप प्रत नव्हे. एकाच विद्युत-झटक्यात दोन्ही जाऊ शकतात. महत्त्वाच्या गोष्टींची एक प्रत संगणकापासून वेगळी असावीच.

उष्णता, दमटपणा आणि पावसाळा

पंखा नसलेला बोर्ड आवाज करत नाही आणि धूळही कमी ओढतो. मात्र त्याच्या उष्णतारोधाला हवा लागते. बंद कपाटात तो तापतो आणि आपला वेग आपणच कमी करतो. गोव्यासारख्या किनारी भागात दमट, खारट हवेने जोडण्या गंजतात. त्यामुळे यंत्र समुद्राकडील खिडकीपासून दूर आणि जमिनीपासून उंचावर ठेवावे.

काही बोर्ड १२ किंवा १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. त्यांना मोठा वीजपुरवठा लागत नाही आणि कमी भारामुळे लहान यूपीएसही बराच वेळ साथ देतो. वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये आहे का, हेही तपासावे. पावसाळ्यात विजा कडाडताना प्लगबरोबर नेटवर्कची तारही काढावी, कारण झटका त्या वाटेनेही येतो.

खरेदीपूर्वी कागदावर चार ओळी लिहाव्यात : काम कोणते, रोज किती तास, डिस्क किती, यंत्र ठेवणार कुठे. या उत्तरांशी जुळणारा बोर्ड बाजारातील सर्वांत वेगवान नसेल. पण तो कोपऱ्यात निमूटपणे वर्षानुवर्षे काम करील.