सुई, ट्राम आणि अलिबाग

न्हावा-शेव्याच्या धक्क्याला लागणारी जहाजे पोलादाची, त्यांवरचे खोकेही पोलादाचे. म्हणून जहाजावरील होकायंत्राच्या दोन्ही अंगांना लोखंडी गोळे आणि पोटात लहान चुंबक बसवून त्या पोलादाची ओढ मारावी लागते. लोखंडात असंख्य सूक्ष्म चुंबक असतात. त्यांची तोंडे दहा दिशांना असली की ते एकमेकांचे बळ खाऊन टाकतात; एका दिशेला वळली की लोखंडाचा चुंबक होतो. आम्हां संघटनेच्या माणसांना हे समजायला फारसे पुस्तक लागत नाही!

पृथ्वी हाही चुंबकच. तिच्या पोटात, सुमारे २,९०० किलोमीटर खाली, वितळलेले लोखंड खळबळत असते. त्यातून विजेचे प्रवाह उठतात आणि त्यांचेच हे चुंबकबळ. ते सतत थोडेथोडे बदलते. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून त्याची मोजणी सुरू झाली. त्या काळात तेथे साहाय्यक होते अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू झालेले. अहवालावर नाव वरिष्ठाचे. टांगलेल्या चुंबकाकडे दिवसरात्र तासातासाने डोळा लावणारे मात्र एतद्देशीय मदतनीस.

२ सप्टेंबर १८५९ रोजी ह्याच डोळ्यांनी चुंबकाला उत्तरेकडे ओढणारे आडवे बळ एकाएकी शेकडा चारच्या आसपास कोसळलेले टिपले. आदल्या दिवशी इंग्लंडात कॅरिंग्टनला सूर्यावर प्रखर झळक दिसली होती. सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांनी पृथ्वीभोवती प्रवाहाचे कडे उभे राहते आणि त्याचे बळ पृथ्वीच्या बळाच्या उलट जाते.

मग मुंबईत विजेच्या ट्रामा येणार असे ठरले. तारेतून वीज वाहिली की जवळची सुई हलते, हे अर्स्टेडने १८२० मध्येच दाखविले होते. ट्रामची वीज रुळांवाटे परत जाते, काही जमिनीत झिरपते. तशा जागी पृथ्वीचे बळ मोजणे म्हणजे गिरणीच्या खात्यात कुजबुज ऐकणे! ट्राम अडवा, असे आम्ही तरी म्हटले नसते. ती कष्टकऱ्याच्या पायांची सोय होती. वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस यांनी अलिबाग निवडले. १९०४ मध्ये तेथे लोखंड टाळून पोरबंदरी दगडाची इमारत उभी राहिली. मुंबईचा कुलाबा सोडून काम कुलाबा जिल्ह्यात आले. हाच १९८१ पासून रायगड.

परंतु मूस यांचे खरे शहाणपण पुढेच आहे. त्यांनी कुलाबा लगेच बंद केला नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालविली, म्हणजे जुनी मापे नव्याला जुळावीत. पुढचा माणूस यंत्रापाशी उभा राहिल्याशिवाय पाळी सोडायची नाही, हे कोणत्याही कामगाराला ठाऊक असते. ट्राम १९०७ मध्ये धावली.

१३ मार्च १९८९ रोजी अशाच एका सौरवादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालविली. न्हावा-शेवा बंदर त्याच वर्षी सुरू झाले. यापेक्षा मोठे वादळ येऊ शकते काय, हे ठरविण्यासाठी शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या १८५९ च्या त्या नोंदी पुन्हा उघडल्या. २००३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कुलाब्याची घट सुमारे १,६०० नॅनोटेस्ला. १९८९ च्या वादळाचा जागतिक निर्देशांक ५८९ पर्यंतच खाली गेला होता.