खाडीपलीकडचा दवाखाना

वसईकराचा मोठा दवाखाना कायम खाडीपलीकडेच राहिला. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे गाडी सुरू झाली आणि आमच्या पट्ट्यातल्या माणसांना मुंबई जवळ आली. त्या गाडीनं आधी माल नेला. आगाशी, बोळींज, नंदाखाल, गिरिज, भुईगाव इथल्या वाड्यांमधली केळी, विड्याची पानं, भाजी, मोगरा, कागडा, पुढे सोनचाफा, सगळं पहाटेच्या गाडीनं दादरला जायचं. १९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय उघडलं. मग त्याच गाडीनं आजारी माणसंही जाऊ लागली. पाटी उतरवायची दादरला आणि माणूस दाखवायचा परळला, अशी दोन्ही कामं एकाच खेपेत करणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या. माझी आई त्यांतलीच एक.

किडनी बदलता येते ही गोष्ट या गाडीनं आमच्याकडे कशी आली आणि तिनं घराघरांतल्या माणसांवर काय ओझं टाकलं, हे मला लिहून ठेवायचं आहे. डॉक्टरांचा इतिहास पुस्तकांत सापडतो. देणाऱ्यांचा आणि उशापायथ्याशी बसणाऱ्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही.

जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी केलं. देणारा आणि घेणारा जुळे भाऊ होते, म्हणून शरीरानं परका अवयव ओळखला नाही. सगळ्यांना जुळा भाऊ कुठून असणार? पण तो काळ धाडसाचा होता. आपल्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या चमूनं १९६५ मध्ये मृत माणसाची किडनी दुसऱ्या माणसाला बसवली. रुग्ण थोड्याच दिवसांत दगावला. त्याच सेनांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय बसवलं. केपटाऊनच्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. तो रुग्ण काही तासच जगला. हात तयार होते, पण नवा अवयव शरीराला मानवेल असं औषध अजून आलेलं नव्हतं आणि मेंदूमृत्यूला मृत्यू म्हणणारा कायदाही नव्हता. देशातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालं. दाता जिवंत होता.

आमच्या गावात 'डायलिसिस' हा शब्द मात्र शस्त्रक्रियेच्या बातम्यांतून आला नाही. तो आला जयप्रकाश नारायणांमुळे. आणीबाणीच्या कैदेत त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोकमध्ये आणलं आणि पुढची वर्षं ते डायलिसिसवर जगले. यंत्रासाठी लोकांनी एकेक रुपया गोळा केला. वसईत समाजवाद्यांचं वजन होतं. आमच्या अण्णांनीही रुपया दिला होता आणि तो कशासाठी, हे आम्हा मुलांना समजावून सांगितलं होतं. यंत्र रक्त धुतं, हे तेव्हा ऐकलं. आपल्याच घरातल्या माणसाचं रक्त असं धुवावं लागेल, हे कुणाच्या मनातही नव्हतं.

ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं. नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून काढलेलं हे औषध शरीराचा प्रतिकार आवरतं. त्यानंतर प्रत्यारोपण टिकू लागलं, आणि टिकू लागल्याबरोबर त्याचा बाजारही मांडला गेला. मुंबई त्या बाजाराचं मोठं ठिकाण होती. आखातातून पैसेवाले रुग्ण येत आणि गरिबाची किडनी विकत घेऊन जात. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधल्या अशा १३० रुग्णांचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मुंबईत विकत घेतलेल्या किडन्यांवर जगणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण मोठं होतं आणि जंतुसंसर्गही गंभीर होते. ज्यांनी विकली, त्यांचं पुढे काय झालं याची तेवढी चौकशीसुद्धा कोणी केली नाही.

हा धंदा थांबवायला १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. कायद्यानं दोन गोष्टी केल्या. मेंदूमृत्यूला मृत्यू मानलं, म्हणजे मेंदू कायमचा थांबलेल्या माणसाचे अवयव नातेवाइकांच्या संमतीनं घेता येऊ लागले. आणि जिवंतपणी किडनी द्यायची मुभा मुख्यतः जवळच्या नातेवाइकाला ठेवली: आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा, बायको. पहिली वाट रुळायला फार वर्षं लागली. दुसरी लगेच रुळली. म्हणजे जो भार बाजारात गरिबावर होता, तो आता घरात आला. घरात तो कुणावर पडला, ते मी पाहिलं आहे.

माझ्या धाकट्या भावाच्या किडन्या नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गेल्या. तिशीही उलटली नव्हती. पायाला सूज, तोंडाला चव नाही, ओकाऱ्या. आधी कावीळ समजून झाडपाल्याचं औषध झालं. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनीन इतकं वाढलेलं होतं की डॉक्टरांनी त्याच दिवशी मुंबईला जायला सांगितलं. तेव्हा आमच्या बाजूला डायलिसिसची सोय नव्हती. आठवड्यातून दोनदा, पुढे तीनदा, आगाशीहून एसटीनं विरार आणि विरारहून लोकल. जाताना अंगात पाणी साठलेलं, धाप लागलेली. येताना अंगातलं त्राण गेलेलं. गर्दीच्या वेळी विरार गाडीत चढणं धडधाकट माणसालाही सोपं नाही. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, त्याला खिडकीशी बसवून स्वतः पुढे उभी राहायची, डाव्या हाताला कोणाचा धक्का लागू नये म्हणून. त्या हाताच्या मनगटाशी शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केला होता. त्यावर बोट ठेवलं की आत सतत घरघर लागायची. आई रोज रात्री तिथं बोट ठेवून बघायची. घरघर आहे म्हणजे फिस्टुला चालू आहे, एवढं तिला एकदाच सांगितलेलं पुरलं.

पाण्याचं माप ठरलं होतं. दिवसाचं पाणी आई सकाळी एका तांब्यात काढून ठेवायची, त्यात चहाही धरायचा. ज्या वाडीत बावखल काठोकाठ भरलेलं आणि पाटानं पाणी खेळतंय, तिथं तरण्या पोराला घोट मोजून द्यायचे. केळी बंद, शहाळं बंद, कारण त्यांतलं पोटॅशियम हृदयाला घातक. केळीच्या बागायतदाराच्या घरात केळं बंद झालं.

मग किडनी कोणाची, हा प्रश्न आला. भावाचा रक्तगट ओ. माझा बी, म्हणून मी पहिल्याच फेरीत बाद झाले. तरी माझं नाव निघालं तेव्हा माझ्या सासरी बैठक बसली होती, हे मी विसरलेले नाही. सासरच्या परवानगीची अट कायद्यात कुठंही नव्हती, पण रिवाजात होती. अण्णांना मधुमेह होता. मोठ्या भावाचा रक्तगट जुळत होता. पण तो घरचा कमावता, त्याची मुलं लहान, आणि तो काही बोलायच्या आतच सगळ्यांनी त्याला बाजूला काढलं. वहिनी तयार होती, तिचाही गट जुळला नाही. राहिली आई. तिचा गट ओ. तिला कोणी विचारलंच नाही. ती देणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, तिनंही.

रेशनकार्ड, शाळेचे दाखले, लग्नातले जुने फोटो, नातं सिद्ध करणारा प्रत्येक कागद गोळा केला. खर्चासाठी वाडीचा एक तुकडा गहाण पडला, पतपेढीचं कर्ज झालं. शेजारच्या ख्रिस्ती आळीतल्या लोकांनी घरोघर फिरून पैसे जमवले आणि यादी न ठेवता आणून दिले, कोणी किती दिले हे आम्हाला कळू नये म्हणून. हे वसईतच होतं असं मी म्हणणार नाही, पण वसईत हे होतं.

शस्त्रक्रिया मुंबईत झाली. दात्याची किडनी दुर्बिणीतून काढण्याची पद्धत अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झाली होती. आमच्यापर्यंत ती आलेली नव्हती. आईला कुशीतून, बरगडीखालून पाठीपर्यंत चीर गेली. भावाची जुनी किडनी काढत नाहीत, नवी ओटीपोटात बसवतात, त्यामुळे त्याची जखम आईपेक्षा लहान होती. तो तिसऱ्या दिवशी हसत होता. ती कूस बदलताना ओठ चावत होती. भेटायला येणारे सगळे आधी त्याच्या खोलीत जायचे. आईची चौकशी परत जाताना.

घरी आल्यावर सकाळी नऊ आणि रात्री नऊ ही औषधांची वेळ घड्याळाहून पक्की झाली. सायक्लोस्पोरिनची कॅप्सूल चकचकीत पाकिटातून काढली की उग्र वास खोलीभर पसरायचा. तिनं त्याच्या हिरड्या सुजल्या, अंगावर लव वाढली. लघवी मापाच्या भांड्यात मोजून वहिनी वहीत लिहायची. वजन, ताप, रक्तदाब आणि क्रिएटिनीन, प्रत्येकाचा वेगळा रकाना. विहिरीचं पाणी उकळूनच, मातीत हात घालायचा तर हातमोजे, गर्दीत तोंडाला रुमाल. आईनं काही महिने जड उचलायचं नव्हतं. पुढं पाटी तिनं डोक्यावर घेतलीच. ती किडनी जवळजवळ दोन दशकं चालली. आई तिच्या आधी गेली, वयानं.

आमचं घर अपवाद नव्हतं. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात ५६,५०९ जणांनी जिवंतपणी अवयव दिले. त्यांत ३६,०३८ स्त्रिया होत्या. घेणाऱ्यांत मात्र पुरुष दुपटीहून जास्त. बाईनं द्यावं आणि पुरुषानं जगावं असं कोणी उघड म्हणत नाही. कमावता कोण, कुणाला सुट्टी मिळते, कुणाचा जीव घराला परवडत नाही, या साध्या हिशेबांतून आकडा तसा निघतो. आईच्या देण्याला मी कमी लेखत नाही. पण तिला विचारलं नाही, हा अन्याय होता, आणि त्याला त्याग म्हटलं की तो झाकला जातो.

कायद्यानं दाखवलेली दुसरी वाट म्हणूनच मला मोलाची वाटते. मेंदूमृत्यू ठरवताना चार डॉक्टर लागतात, आणि किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करतात. मुंबईत आलेल्या अवयवांचं वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र यादीप्रमाणे करतं. हृदय साधारण चार तासांत पोचवावं लागतं, यकृताला बारा तासांच्या आसपास मिळतात, किडनीला चोवीस. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आलेलं हृदय मुलुंडच्या रुग्णालयात बसवलं, आणि सेनांच्या प्रयत्नानंतर मुंबईत हृदयप्रत्यारोपण पुन्हा सुरू झालं. खुद्द केईएममध्ये ते पुन्हा व्हायला जुलै २०२४ उजाडलं, म्हणजे ५६ वर्षांनी.

भावाला दुसरी किडनी या वाटेनं मिळाली. आईची किडनी थकल्यावर तो पुन्हा डायलिसिसवर गेला; या वेळी केंद्र वसईतच होतं, लोकलचा धक्का वाचला. यादीत नाव घातलं. फोन आला तो मध्यरात्रीनंतर. महामार्गावर वर्सोव्याच्या जुन्या पुलाची दुरुस्ती निघाली होती आणि कोंडी कधी सुटेल याचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही पहाटेची पहिली विरार लोकल धरली. ती किडनी कोणाची, हे आम्हाला सांगितलं नाही, आणि तोच नियम आहे. एवढंच कळलं की अपघात झाला होता आणि घरच्यांनी होकार दिला. त्या घरानं आपल्या दुःखाच्या रात्री एका अनोळखी घराचा विचार केला. भाऊ आज वाडीत सोनचाफ्याची झाडं बघतो. या वेळी आमच्या घरातल्या कुठल्याच बाईच्या कुशीला चीर पडली नाही.

देशात २०२३ मध्ये १८,३७८ अवयव प्रत्यारोपणं झाली. मृत्यूनंतर अवयव देणारे त्या वर्षी फक्त १,०९९ होते. एवढ्या मोठ्या देशात. बाकीचा भार अजून जिवंत नातेवाइकच वाहत आहेत. महाराष्ट्राच्या जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांपर्यंत मदत मिळते, हे चांगलं आहे. पण पैशानं किडनी तयार होत नाही.

म्हणून वाचकांना माझी एकच विनंती आहे. अवयवदानाची नोंदणी ऑनलाइन करता येते, ती करा. पण त्याआधी घरच्यांना जेवायला बसताना स्पष्ट सांगा: माझा मेंदू थांबला तर माझे अवयव द्या. कारण तुम्ही भरलेलं कार्ड खिशात असलं, तरी नातेवाइकांच्या लेखी संमतीशिवाय कुठलंही रुग्णालय अवयव काढत नाही. त्या वेळी सही तुमच्या माणसाला करायची आहे. त्याला तुमचं मत माहीत असलं तर त्याचा हात थरथरणार नाही, आणि दुसऱ्या कुठल्या तरी घरातली आई न विचारता टेबलावर जाणार नाही.