रायफल दुर्बीण
रायफलवर बसवून लक्ष्यावर अचूक नेम धरण्यासाठी वापरण्यात येणारे प्रकाशीय उपकरण. साध्या रायफलीत मागील खाच, पुढील माशी व लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणावी लागतात; परंतु डोळ्यास एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू स्पष्ट दिसते. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा व नेमखूण एकाच प्रतलात दिसत असल्याने ही अडचण दूर होते.

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) निवडक नेमबाजांनी अशा दुर्बिणी वापरल्या. पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) खंदकांच्या लढाईत त्यांचे महत्त्व वाढले. भिंगांचा नाजूकपणा व किंमत यांमुळे त्या सर्वसाधारण पायदळाच्या हाती येण्यास मात्र १९७० नंतरचा काळ उजाडावा लागला.

रात्रीच्या लढाईसाठी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनी व अमेरिका यांनी अवरक्त दिव्यासह दुर्बिणी वापरल्या. यांतील प्रतिमा-परिवर्तक नलिका अदृश्य अवरक्त प्रतिमेचे दृश्य प्रतिमेत रूपांतर करते. मात्र शत्रूजवळ तसेच उपकरण असल्यास दिवा लावणाराच उघडा पडतो. व्हिएटनाम युद्धात अमेरिकेने वापरलेल्या प्रतिमावर्धक नलिकेने हा दोष दूर केला. तीत चांदण्याच्या अंधुक प्रकाशाने संवेदनशील ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. विद्युत् दाबाने गती घेऊन ते प्रस्फुरक पडद्यावर आदळतात व तेथे उजळ हिरवी प्रतिमा उमटते. पुढील पिढीत लक्षावधी सूक्ष्म छिद्रांची काचपट्टी योजून इलेक्ट्रॉनांची संख्याही वाढविण्यात आली.

भारतात या नलिकांच्या निर्मितीशी पुणे शहराचा निकटचा संबंध आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७९ मध्ये तेथे कारखाना काढला, तो प्रतिमा-परिवर्तक नलिकांसाठी. म्हणजे परदेशी सैन्ये ज्या तंत्राच्या पुढे गेली होती, त्यापासून आरंभ करावा लागला. प्रतिमावर्धक नलिकांसाठी १९९० मध्ये नेदर्लंड्समधील डेल्फ्ट इन्स्ट्रुमेंट्सच्या सहकार्याने पुण्यातच संयुक्त कंपनी स्थापन झाली. कालांतराने ती भारत इलेक्ट्रॉनिक्सची दुय्यम कंपनी बनली.

या उत्पादनाचे लष्करी मोल कारगिल संघर्षावरून (१९९९) कळते. तोलोलिंग, टायगर हिल यांसारख्या उघड्या उतारांवर दिवसा चढणे प्राणघातक असल्याने हल्ले मुख्यत्वे रात्री करावे लागले. अशा वेळी रायफलीचा पल्ला कितीही असला, तरी तिचा उपयोग सैनिकास जेथवर दिसते तेथवरच होतो. रायफल देशात बनली, तरी निर्वात नलिका व तिचे ऋणाग्र परदेशातून आणावे लागल्यास रात्रीच्या लढाईपुरते परावलंबन कायम राहते.