हायड्रोलिक टॉप लिंक : मिनी ट्रॅक्टरसाठी निवड

ट्रॅक्टरच्या मागे अवजार तीन ठिकाणी जोडले जाते : खाली दोन हात आणि वर मध्यभागी एक दांडा. या वरच्या दांड्याला टॉप लिंक म्हणतात. साध्या टॉप लिंकमध्ये मधे नळी आणि दोन टोकांना उलटसुलट आट्यांचे स्क्रू असतात. नळी फिरवली की दांडा लांब किंवा आखूड होतो आणि अवजार पुढे-मागे कलते. नळीच्या जागी दोन्ही बाजूंनी तेल घेणारा (डबल अॅक्टिंग) सिलिंडर बसवला की ती हायड्रोलिक टॉप लिंक. सीटवरून न उतरता, चालू कामात, लिव्हर हलवून अवजाराचा कल बदलता येतो. खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न बहुधा सिलिंडर किती जाड हा असतो. २० ते ३० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी तो दुय्यम आहे. आधी पाहायची ती लांबी, आणि तिच्या खालोखाल लॉक व्हॉल्व्ह.

तीनबिंदू जोडणी आज रूढ आहे ती हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) या आयर्लंडमधील यंत्रज्ञामुळे. त्याने १९२६ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ९एन ट्रॅक्टरने ती घरोघर पोहोचवली. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. फाळ खडकात अडकला की हलक्या ट्रॅक्टरचे तोंड वर उठे आणि तो चालकावर उलटण्याचा धोका असे. फर्ग्युसनच्या जोडणीत नांगराला अडथळा आला की टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि तोंड जमिनीवर दाबून धरते. हाच रेटा स्प्रिंगवर घेऊन लिफ्टला नांगराचा भार कळवण्याची सोयही त्याने केली. म्हणजे टॉप लिंक हा मुळात सुरक्षेचा भाग आहे, आणि तिच्या जागी काहीही बसवताना हे ध्यानात ठेवावे लागते.

या दांड्यावर दोन उलट प्रकारचे भार येतात. नांगर मातीत असताना तो दाबला जातो. तेच अवजार लिफ्टने उचलून धरले की तो ताणला जातो. सिलिंडरची ताकद दोन्ही दिशांना सारखी नसते, कारण एका बाजूची काही जागा पिस्टनचा रॉड व्यापतो. ५० मिमी बोअर (आतला व्यास), २५ मिमी रॉड आणि १५० बार दाब धरला, तर ढकलण्याचा जोर सुमारे ३ टन आणि ओढण्याचा सुमारे सव्वादोन टन येतो. आता गरज किती ते पाहू. २५० किलोचे अवजार असून त्याचा भारमध्य खालच्या पिनांच्या ६० सेंमी मागे आहे, आणि वरची पिन खालच्या पिनांपासून ४६ सेंमी उंच आहे. ते उचलून धरल्यावर टॉप लिंकवर सुमारे ३२५ किलोचा ताण येतो. खाचखळग्यांत धक्के बसून हा आकडा तिप्पट झाला तरी ५० मिमीचा सिलिंडर पुरून उरतो. ६३ मिमीचा घेतल्याने फक्त वजन वाढते आणि तेल जास्त लागते. जाडीच पाहायची तर रॉडची पाहावी. दाबाखाली वाकतो तो रॉड.

लांबीचा हिशेब मात्र चुकवून चालत नाही. ती मोजायची पद्धत अशी : सपाट जागेवर जुनी स्क्रूची टॉप लिंक लावून आपले प्रत्येक अवजार कामाच्या स्थितीत आणावे आणि एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने घ्यावे. कल्टिवेटर, रोटाव्हेटर, सरी पाडायचे अवजार, लेव्हलरचे ब्लेड या प्रत्येकाचा आकडा वेगळा निघतो, कारण प्रत्येकाच्या वरच्या भोकाची जागा वेगळी असते. यांतल्या सर्वांत लहान आकड्यापेक्षा सिलिंडरची मिटलेली लांबी काही सेंमी कमी हवी, आणि सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा पूर्ण उघडलेली लांबी काही सेंमी जास्त. स्ट्रोक (रॉडची चाल) मोठा घेतला की काम भागले असे वाटते, पण स्ट्रोक जितका मोठा तितका मिटलेला सिलिंडरही लांब होतो. मिनी ट्रॅक्टरवर मागची जागा आधीच आखूड असते, म्हणून मोठ्या ट्रॅक्टरसाठी बनवलेली लिंक त्यावर पूर्ण मिटूनही लांबच राहते आणि अवजार मागे झुकलेलेच चालते. असे झाले की कल्टिवेटरचे फाळ मातीत नीट शिरत नाहीत. ४६ सेंमी उंचीच्या जोडणीत लिंक ५ सेंमी बदलली की अवजार साधारण ६ अंशांनी कलते. त्यामुळे बहुतेक कामांना २० सेंमीचा स्ट्रोक भरपूर होतो.

पिनांचे माप ठरलेले आहे. कॅटेगरी १ मध्ये वरची पिन १९ मिमीची असते, कॅटेगरी २ मध्ये सुमारे २५ मिमीची. मिनी ट्रॅक्टर बहुधा कॅटेगरी १ किंवा तिच्या अरुंद प्रकारात येतात. २५ च्या भोकात १९ ची पिन ढिली चालवू नये. मधे बुश घालावा, नाहीतर प्रत्येक धक्क्याला भोक अंडाकृती होत जाते.

लॉक व्हॉल्व्ह नसलेली लिंक घेऊच नये, असे या नोंदकाराचे स्पष्ट मत आहे. ट्रॅक्टरवरच्या लिव्हरचा व्हॉल्व्ह बंद स्थितीतही थोडे तेल झिरपू देतो. ट्रॉली उलटवताना ते जाणवत नाही, पण टॉप लिंकवर भार सतत असतो, त्यामुळे अर्ध्या तासात दांडा आपोआप लांबत किंवा आखडत जातो आणि चालक पुन्हा पुन्हा लिव्हर हलवत बसतो. दोन्ही बाजूंचे तेल कोंडून धरणारा दुहेरी लॉक व्हॉल्व्ह सिलिंडरच्या अंगावरच बसवलेला असला की हा प्रश्न सुटतो. तो अंगावरच हवा याला कारण आहे : लांबच्या पाइपमध्ये बसवला आणि त्यापुढचा पाइप फुटला, तर तेल सुटून अवजार एकदम कलते.

ट्रॅक्टरकडे काय आहे हेही तपासावे लागते. या लिंकला तेल देणारी आणि परत घेणारी अशी दोन तोंडे लागतात. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना डंपिंग ट्रॉलीसाठी एकच तोंड असते. ट्रॉली आपल्या वजनाने खाली येते म्हणून तिथे ते चालते, टॉप लिंकला चालत नाही. दुहेरी तोंडाचा ऑक्झिलरी व्हॉल्व्ह नसेल तर लिंकच्या आधी तो बसवून घ्यावा. हात सोडल्यावर लिव्हर स्प्रिंगने आपोआप मधे येणारा व्हॉल्व्ह निवडावा. वेगाकडेही लक्ष हवे. ५० मिमी बोअर आणि २० सेंमी स्ट्रोकच्या सिलिंडरमध्ये जेमतेम ०.४ लिटर तेल मावते. मिनिटाला २० लिटर देणारा पंप असेल तर लिंक सव्वा सेकंदात पूर्ण उघडते, आणि इतक्या वेगात ब्लेडचा कल बारकाईने साधता येत नाही. तोंडाशी बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर बसवला की चाल संथ होते.

पाइपांची लांबी लिफ्ट पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन ठरवावी. सिलिंडरची जाड बाजू ट्रॅक्टरकडे ठेवली तर पाइप कमी हलतात. रोटाव्हेटर जोडलेला असताना विशेष जपावे : लिंक बदलली की पीटीओ शाफ्टच्या (ट्रॅक्टरची फिरती शक्ती अवजाराला देणाऱ्या दांड्याच्या) सांध्यांचा कोन बदलतो. उचललेल्या स्थितीत लिंक झपकन आखडली तर शाफ्ट एकात एक पूर्ण शिरून अडू शकतो, आणि मग एकतर सांधा तुटतो किंवा गिअरबॉक्सवर दणका बसतो. नवी लिंक लावल्यावर इंजिन मंद आणि पीटीओ बंद ठेवून सगळ्या स्थिती एकदा तपासून घ्याव्यात.

उत्तर अमेरिकेत छोट्या शेतांवर आणि घरांच्या आवारात रस्ते समतल करणाऱ्या बॉक्स ब्लेडसाठी ही लिंक फार वापरली जाते. लिंक आखडली की पुढचे दात माती खणतात, वाढवली की मागचे पाते ती पसरवते. एकाच फेरीत दोन्ही कामे होतात. महाराष्ट्रात तिचा खरा उपयोग नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आणि सोलापूरच्या डाळिंबबागांत आहे. ओळीच्या टोकाला वळायला जागा थोडी असते. उचललेल्या अवजाराची शेपटी लिंक आखडून आणखी वर घेतली की ती बांधाला किंवा ठिबकच्या नळ्यांना लागत नाही. उताराच्या बागेत तर अवजार जोडणेच सोपे होते : पिन भोकासमोर येईना म्हणून दोघांनी अवजार ढकलत बसावे लागत नाही.

जमिनीच्या चढउताराप्रमाणे मोकळे हलावे लागणाऱ्या गवतकापणी यंत्राला ही लिंक उपयोगाची नाही; लॉक झालेला सिलिंडर त्याची हालचाल अडवतो. त्यासाठी जुनी स्क्रूची लिंक जपून ठेवावी.

तेलगळती कधीही हाताने चाचपू नये. दाबाखालचे बारीक फवाऱ्याचे तेल कातडीखाली शिरते आणि बोट, क्वचित हातही, गमवावा लागतो. पुठ्ठा फिरवून गळती शोधावी, आणि पाइप सोडण्याआधी अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून दाब उतरवावा. नवी लिंक दुकानदारासमोरच तपासता येते : जड अवजार उचलून इंजिन बंद करावे, बाजूला उभे राहून दोन पिनांमधले अंतर मोजावे आणि तासाभराने पुन्हा मोजावे. अंतर वाढलेले आढळले तर लॉक व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचे सील तेल सोडते आहे. अशी लिंक तिथेच परत करावी.