वेस्ली आणि व्हाइटफील्ड : मतभेद व मनोमीलन

कामगार चळवळीत आम्हांला एक गोष्ट वारंवार दिसली. मालकाशी तडजोड करता येते. दुरावलेल्या सोबत्याशी करणे फार कठीण. दोन कार्यकर्त्यांत एकदा पत्रकबाजी सुरू झाली, की वर्षानुवर्षे बोलणे बंद पडते. आमच्याही हातून अशी एक मैत्री गेली. म्हणूनच अठराव्या शतकातील दोन इंग्रज धर्मोपदेशकांची हकिगत आज आपल्यापुढे ठेवावीशी वाटते.

जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे ऑक्सफर्डमधले स्नेही. वेस्ली अकरा वर्षांनी वडील. १७३९ च्या फेब्रुवारीत व्हाइटफील्डने ब्रिस्टलजवळ किंग्जवूड येथे कोळसा खाणीतल्या मजुरांपुढे उघड्यावर प्रवचन केले. पुढे वेस्लीला बोलावून त्याने हे काम त्याच्या हाती सोपविले आणि स्वतः अमेरिकेला गेला.

तेवढ्यात सिद्धांतावरून वाद पेटला. उद्धार कोणाचा व्हावयाचा हे ईश्वराने आधीच ठरविले आहे, असे व्हाइटफील्ड मानी. ईश्वराची कृपा सर्वांना खुली आहे, असे वेस्लीचे म्हणणे. वेस्लीने आपले प्रवचन छापले. व्हाइटफील्डने १७४० च्या डिसेंबरात जॉर्जियाहून उत्तर लिहिले आणि त्यात, वेस्लीने चिठ्ठ्या टाकून कौल घेतल्याची खासगी गोष्ट चव्हाट्यावर आणली.

लंडनमध्ये तोफा ओतण्याच्या एका जुन्या कारखान्यात वेस्लीची सभा भरत असे. १ फेब्रुवारी १७४१ रोजी तेथे व्हाइटफील्डचे एक खासगी पत्र, दोघांच्याही संमतीवाचून छापून, लोकांना वाटण्यात आले. प्रवचन संपल्यावर वेस्लीने एक प्रत हाती घेतली. व्हाइटफील्ड येथे असता तर त्याने जे केले असते तेच आपण करतो, असे सांगून त्याने ती सर्वांसमक्ष फाडली. श्रोत्यांनीही आपापल्या प्रती फाडल्या. भांडणातसुद्धा मित्राच्या सज्जनपणावर विश्वास ठेवणे, यालाच आम्ही प्रेम म्हणतो.

एवढ्याने वाद मिटला नाही. मार्चमध्ये परतलेल्या व्हाइटफील्डने, आपण दोघे दोन वेगळी शुभवर्तमाने सांगतो, असे तोंडावर सांगून सख्य नाकारले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात, ती खासगी गोष्ट उघड केल्याबद्दल त्यानेच पत्राने क्षमा मागितली. ज्याला क्षमा मिळाली आहे त्याने दुसऱ्याला ती नाकारू नये, ही ख्रिस्ती शिकवण दोघेही मजुरांना देत होते. ती आपल्यालाही लागू आहे, हे पटण्यास त्यांना काही महिने लागले. १७४२ मध्ये भेटी पुन्हा सुरू झाल्या. मत कोणी सोडले नाही, संघटनाही वेगळ्याच राहिल्या.

स्नेह जुळला म्हणून सर्व दोष धुऊन निघत नाहीत. जॉर्जियातील आपल्या अनाथाश्रमासाठी व्हाइटफील्डने गुलाम राखले होते. वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. हेही सांगितले पाहिजे.

३० सप्टेंबर १७७० रोजी व्हाइटफील्ड अमेरिकेत न्यूबरीपोर्ट येथे वारला. सिद्धांतभेद असूनही मने एक असल्याची खूण म्हणून, त्याने मृत्युपत्रात जॉन आणि त्याचा भाऊ चार्ल्स यांना एकेक शोकमुद्रिका ठेविली होती. १८ नोव्हेंबरला लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केले ते वेस्लीनेच.

आम्ही ख्रिस्ती नाही; पण या गोष्टीने आम्हांला खजील केले. आमच्या त्या सोबत्याला दोन ओळी लिहाव्यात, असे आम्ही दहा वर्षे मनात घोळवीत राहिलो. तोवर तो गेला. आपल्यापैकी ज्याचा सोबती हयात आहे, त्याने आज घरी गेल्यावर पत्र लिहावे.