कोलंबोहून परत : दादासाहेब खापर्डे आणि रद्द झालेला पासपोर्ट

अमरावती-अकोल्याकडील अनेक घरांत हा प्रसंग आता परिचयाचा झाला आहे. मुलगी अमेरिकेत असते. आईवडील भेटीच्या व्हिसासाठी मुंबईच्या वकिलातीत जातात, काही मिनिटांत मुलाखत आटोपते आणि हाती नकाराचा कागद येतो. त्यावर कलम २१४(ब) चा उल्लेख असतो. या नकारावर अपील नाही. शुल्क भरून नवा अर्ज करता येतो, आणि तेव्हा खरा प्रश्न एकच उरतो : मधल्या काळात काय बदलले?

शंभरहून अधिक वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका नामांकित वकिलापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.

गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे हे अमरावतीचे वकील. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलमधील अपिलासाठी खापर्डे ऑगस्टमध्येच विलायतेला निघाले आणि १९१० पर्यंत तेथे राहिले. त्यांच्याही आधी, १८९० साली, अमरावतीचेच रघुनाथ नरसिंह मुधोळकर काँग्रेसच्या शिष्टमंडळातून इंग्लंडला जाऊन आले होते. त्या काळी बोटीचे भाडे आणि घरच्यांची संमती पुरेशी असे. (दुसरी गोष्ट मिळवणे बहुधा अधिक अवघड!)

पहिल्या महायुद्धाने हे सारे बदलले. भारत संरक्षण कायद्याच्या आधारे देशाबाहेर जाण्यासाठी पासपोर्ट सक्तीचा झाला. कोणी जावे आणि कोणी जाऊ नये हे आता सरकार ठरवू लागले.

मार्च १९१८ च्या अखेरीस होमरूल लीगचे शिष्टमंडळ निघाले : टिळक, खापर्डे, न. चिं. केळकर, करंदीकर आणि बिपिनचंद्र पाल. येऊ घातलेल्या सुधारणांबाबत ब्रिटिश जनतेपुढे हिंदुस्थानची बाजू मांडायची, हा हेतू. पासपोर्ट हाती होते. मद्रासमार्गे मंडळी कोलंबोला पोहोचली आणि तेथेच बातमी आली की लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने परवाने रद्द केले आहेत. अ‍ॅनी बेझंट यांच्या लीगचे शिष्टमंडळ तर जिब्राल्टरपर्यंत गेले होते. त्यालाही तेथेच अडवण्यात आले. यातला विरोधाभास असा की, हिंदी लोकांचे म्हणणे ऐकण्यासाठी भारतमंत्री माँटेग्यू हिवाळाभर हिंदुस्थानात मुक्काम ठोकून होते. साहेबाने येथे येऊन ऐकावे, हे चालत होते. हिंदी माणसाने तेथे जाऊन बोलावे, हे नाही.

नकारामागे युद्धाचे कारण होते. २१ मार्चला पश्चिम आघाडीवर जर्मनीची मोठी चढाई सुरू झाली होती. तरीही केवळ युद्धामुळे दार बंद होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, कारण त्याच वर्षी, युद्ध चालू असतानाच, टिळकांना पुन्हा परवाना मिळाला. बदलले होते ते प्रवासाचे कारण. व्हॅलेंटाईन चिरोल यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकावरून टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता, आणि वादीला न्यायालयात येऊ न देणे ब्रिटिश न्यायाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. अट एकच : राजकीय चळवळीत भाग घ्यायचा नाही. ती स्वीकारून टिळक सप्टेंबर १९१८ मध्ये निघाले. फेब्रुवारी १९१९ मध्ये ते दावा हरले. पण लंडनला पोहोचले होते, हे महत्त्वाचे.

खापर्ड्यांपाशी असा खटला नव्हता. त्यांना थांबावे लागले. दरम्यान कायदे कौन्सिलात ते रौलट विधेयकांना विरोध करीत होते, म्हणजे सरकारच्या दृष्टीने त्यांचे वर्तन मुळीच ‘सुधारलेले’ नव्हते. बदलला होता काळ. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले, सुधारणांचे विधेयक पार्लमेंटपुढे आले आणि संयुक्त संसदीय समितीला हिंदी साक्षीदार हवेसे झाले. १९१९ साली खापर्डे शिष्टमंडळाबरोबर इंग्लंडला गेले. माणूस तोच, मागणीही तीच. कोलंबोहून परत फिरून जेमतेम वर्ष लोटले होते.

ऑगस्टमध्ये टिळकांची त्या समितीपुढे साक्ष झाली, डिसेंबरात कायदा संमत झाला. युद्धापुरती म्हणून आलेली पासपोर्टची सक्ती मात्र युद्धाबरोबर गेली नाही. १९२० साली भारतीय पासपोर्ट कायदा झाला.